पुरावा कोणाच्या ताब्यात?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



साक्षीदार फितूर होतो, पंच उलटतो, हस्ताक्षरतज्ज्ञ दोन्ही बाजूंनी बोलतो. यंत्र मात्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत समाजात घट्ट रुजली आहे. संगणकात पत्र सापडले, मोबाइलमध्ये संदेश सापडला, टॉवरच्या नोंदीत माणूस अमुक ठिकाणी आढळला, एवढे वृत्तपत्रांत छापून आले की लोकांच्या मनातला खटला तेथेच संपतो. न्यायालयातला खटला पुढे कित्येक वर्षे चालतो आणि आरोपी तोपर्यंत तुरुंगात असतो. म्हणून संगणकीय पुराव्याच्या शास्त्राचा, म्हणजे डिजिटल न्यायसहायक विज्ञानाचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. पुरावा कोण जप्त करतो, कोण सांभाळतो, कोण तपासतो आणि तो पुन्हा तपासून पाहण्याचा अधिकार कोणाला असतो, हा नागरी स्वातंत्र्याचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो राजकीय प्रश्न आहे.

प्रथम या शास्त्राची मूळ रीत समजून घेतली पाहिजे. कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसते. संगणकातील फाइल बदलली तर तसा वण दिसत नाही. इतकेच नव्हे, जप्त केलेला संगणक कोणी नुसता चालू केला तरी त्यातील शेकडो नोंदी आणि वेळा आपोआप बदलतात. म्हणून मूळ साधनावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करून त्याची तंतोतंत नक्कल काढायची आणि तपासणी त्या नकलेवर करायची, हा पहिला नियम. नक्कल काढताना एका गणिती प्रक्रियेने तिची ओळखसंख्या काढतात. तिला हॅश म्हणतात. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश संपूर्ण बदलतो. जप्तीच्या वेळचा हॅश आणि न्यायालयात सादर करतानाचा हॅश जुळला, तर मधल्या काळात ढवळाढवळ झाली नाही असे खात्रीने म्हणता येते.

परंतु हॅश म्हणजे मोहोर आहे. मोहोर लावल्यानंतर पोते कोणी उघडले नाही, एवढेच ती सांगते. मोहोर लावण्यापूर्वी त्या पोत्यात माल कोणी भरला, हे ती सांगू शकत नाही. एवढा एक भेद लक्षात ठेवला तर या विषयातील पुष्कळसे वाद उलगडतात. तो कसा महत्त्वाचा ठरतो, याचा धडा तुर्कस्तानने जगाला दिला आहे.

२०१० च्या जानेवारीत तेथील एका वृत्तपत्राने लष्करी उठावाच्या कटाची कागदपत्रे उजेडात आणली. कट २००३ सालचा, नाव ‘बालयोझ’ म्हणजे घण, आणि पुरावा म्हणून काही सीडी. सप्टेंबर २०१२ मध्ये तीनशेहून अधिक आजी-माजी लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. स्वतंत्र तज्ज्ञांनी त्या सीडी तपासल्या तेव्हा एक विलक्षण गोष्ट आढळली. २००३ मध्ये शेवटच्या साठवल्या गेल्या असे दाखवणाऱ्या फायलींत कॅलिब्री या टंकाच्या खुणा होत्या. आणि तो टंक लोकांच्या हाती आला ऑफिस २००७ बरोबर. जो टंक अस्तित्वात आलेला नव्हता त्याच्या खुणा चार वर्षे आधीच्या कागदात कशा आल्या? २०१४ मध्ये तेथील घटना न्यायालयाने आरोपींच्या हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला आणि मार्च २०१५ मध्ये फेरखटल्यात २३६ जण निर्दोष सुटले. लष्कराने लोकशाहीवर वारंवार घाला घातलेल्या त्या देशात लष्करी अधिकाऱ्यांविषयी लोकशाहीवाद्यांना जिव्हाळा असण्याचे कारण नव्हते. तथापि न्यायाचे तत्त्व आरोपीचा गणवेश पाहून बदलत नाही. विरोधकाविरुद्ध रचलेला खोटा पुरावा आज खपवून घेतला, तर तीच कार्यपद्धती उद्या इतरांच्या दारी येते. तुर्कस्तानात ती आलीही. ओडाटीव्ही या संकेतस्थळाच्या पत्रकारांना २०११ मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकांत बाहेरून फायली घुसवल्या गेल्याचे तज्ज्ञांनी दाखवून दिले, आणि आरोपी निर्दोष ठरले ते २०१७ मध्ये.

येथे कोणी म्हणेल, ही तर कारस्थानाची गोष्ट झाली. प्रामाणिक राज्यव्यवस्थेत असे घडत नाही. त्याचे उत्तर ब्रिटनने दिले आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक-प्रणाली आणली. प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे गावोगावच्या छोट्या टपालकेंद्रांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली. ही केंद्रे चालवणारी साधी माणसे चोर ठरली. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या आणि त्यांतले बहुसंख्य खटले टपाल कंपनीने स्वतःच भरले होते. काहींनी पदरचे पैसे भरून तूट भागवली, काहींचे दिवाळे निघाले, काहींनी जीव दिला. २०१० मध्ये एका गर्भवती स्त्रीला पंधरा महिन्यांचा तुरुंगवास झाला. प्रत्येकाला सांगण्यात येत असे की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात.

न्यायालयांनी हे मान्य कसे केले? ब्रिटनमधील १९८४ च्या कायद्यात संगणकीय पुरावा देणाऱ्याने संगणक नीट चालत होता हे दाखवावे, अशी तरतूद होती. ती जाचक म्हणून १९९९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली आणि संगणक बरोबरच असतो हे गृहीत धरले जाऊ लागले. तो चुकला हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. आणि ते दाखवण्यासाठी लागणाऱ्या नोंदी मात्र कंपनीच्या कुलुपात राहिल्या. ५५० हून अधिक चालकांनी एकत्र येऊन दावा लावला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ शिक्षा रद्द झाल्या आणि उरलेल्यांसाठी मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. संगणकाच्या गृहीत धरलेल्या अचूकपणाचा फेरविचार करण्यासाठी ब्रिटिश सरकारने मते मागवली ती २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे पाव शतकानंतर. एकाकी माणसाला न मिळालेला न्याय संघटितांना मिळाला, ही यातली गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

डेन्मार्कचा अनुभवही याच जातीचा आहे. मोबाइलच्या नोंदींवरून माणसाचे स्थान ठरवणाऱ्या पोलिसांच्या संगणक-प्रणालीत चुका आढळल्या, तेव्हा २०१९ मध्ये दहा हजारांहून अधिक जुन्या खटल्यांची छाननी करण्याचा आदेश निघाला, दोन महिने हा पुरावा वापरणे थांबवण्यात आले आणि कोठडीतील काही जणांना सोडण्यात आले. चूक मान्य करण्याचे हे धैर्य अनुकरणीय आहे.

यंत्राचा दोष एक, तपासणाऱ्या माणसाचा दुसरा. निना सुंडे आणि इटिएल ड्रोर या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५३ तज्ज्ञांना एकच संगणकीय पुरावा तपासण्यास दिला. फक्त प्रकरणाची पार्श्वभूमी काही गटांना वेगवेगळी सांगितली. संशयित दोषी असावा असे सूचित केलेल्यांना आणि निर्दोष असावा असे सूचित केलेल्यांना त्याच फायलींत सारख्याच खुणा दिसल्या नाहीत. ज्यांना पार्श्वभूमी सारखीच होती, त्यांचेही आपापसांत एकमत नव्हते. तपास-अधिकाऱ्याच्या पत्रासोबत त्याची खात्रीही प्रयोगशाळेत पोहोचते, हा याचा अर्थ.

आता महाराष्ट्राकडे वळू. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे झालेल्या हिंसाचारानंतर पुण्यातील एल्गार परिषदेसंबंधी जो गुन्हा नोंदला गेला, त्यात पुढे सोळा जणांना अटक झाली. कवी, वकील, प्राध्यापक, कार्यकर्ते आणि एक वृद्ध धर्मगुरू. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. आरोपाचा मोठा भाग आरोपींच्या संगणकांत सापडलेल्या पत्रांवर उभा आहे. रोना विल्सन यांच्या दिल्लीतील घरून १७ एप्रिल २०१८ रोजी त्यांचा लॅपटॉप जप्त झाला. त्याची नक्कल न्यायालयामार्फत बचाव पक्षाला मिळाली आणि अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने ती तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष असा : १३ जून २०१६ रोजी आलेल्या एका ई-मेलमधून ‘नेटवायर’ हा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम त्या लॅपटॉपमध्ये शिरला, पुढील सुमारे बावीस महिने लॅपटॉपवर बाहेरच्या कोणाचा तरी ताबा होता, आरोपाला आधारभूत असलेली पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, आणि ती त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याची खूण नाही. सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांविषयीही याच संस्थेने अशाच स्वरूपाचे निष्कर्ष नंतर दिले.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष अमान्य केले आहेत. हा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही आणि त्यातील खरेखोटे खटल्यातच ठरेल, अशी तिची भूमिका. तत्त्व म्हणून हे म्हणणे फेटाळता येणार नाही. कोणताही तज्ज्ञ-अहवाल उलटतपासणीच्या कसोटीवर उतरलाच पाहिजे, मग तो आपल्याला आवडणारा असो वा नसो. पण मग खटला चालला पाहिजे. ८ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन दिला, तो त्यांनी २०१८ पासून भोगलेली कोठडी आणि खटला नजीकच्या काळात संपण्याची नसलेली शक्यता लक्षात घेऊन. साडेसहा वर्षे ती माणसे ज्या पुराव्याच्या बळावर आत राहिली, त्याची उलटतपासणी झालेली नव्हती. स्टॅन स्वामी तर ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वारले. त्यांच्या संगणकाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला डिसेंबर २०२२ मध्ये. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन अडतो. आणि यंत्रातला कागद सकृद्दर्शनी नेहमीच खरा वाटतो. या दोन गोष्टींची सांगड पडते तेथे खटल्याविना शिक्षा जन्माला येते.

कायदा काय म्हणतो? जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र देणे आवश्यक होते. या नियमाचा निर्णायक अर्थ जालन्याच्या एका निवडणुकीमुळे लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले गेले असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरणाचा. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. मात्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र नाकारत असेल, तर न्यायालयाकडून त्याला आदेश देववता येईल, असेही सांगितले. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने हा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग केले असून एकावर तज्ज्ञाची सही लागते आणि हॅश नमूद करावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण सांगितले आहे, आणि सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने आणली आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तीत उणिवा मात्र आहेत. एमडी-५ आणि एसएचए-१ या हॅश-पद्धती शास्त्रज्ञांनी अनुक्रमे २००४ आणि २०१७ मध्ये भेदून दाखवल्या, म्हणजे दोन भिन्न फायलींना एकच हॅश देता येतो हे सिद्ध केले. तरी प्रमाणपत्राच्या नमुन्यात त्यांना जागा आहे. जप्तीच्या क्षणीच हॅश काढून आरोपीच्या हाती देण्याची सक्ती नाही. आणि माणसाचे अवघे आयुष्य साठवलेला फोन पोलीस न्यायालयाच्या वॉरंटशिवायही ताब्यात घेऊ शकतात. पत्रकारांच्या फोनजप्तीसंबंधी याचिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले होते. नागरिकाला परवलीचा शब्द सांगायला भाग पाडणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती ठरते की नाही, याविषयी न्यायालयांचे निर्णय एकमेकांशी जुळत नाहीत.

याचा अर्थ डिजिटल पुरावा दुर्बलांच्या विरोधातलाच असतो असा कोणी काढू नये. तो दुर्बलांचा मोठा आधारही होऊ शकतो. जून २०२० मध्ये तामिळनाडूतील सातानकुलम पोलीस ठाण्यात मारहाण झालेले वडील आणि मुलगा, दोघेही वारले. टाळेबंदीत दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. न्यायदंडाधिकारी चौकशीला गेले, तेव्हा ठाण्यातील कॅमेऱ्यांच्या हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा असूनही चित्रीकरण रोजच्या रोज आपोआप पुसले जाईल अशी योजना केलेली आढळली. त्याच वर्षी २ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. नागरिकाच्या संगणकातील दोन वर्षांपूर्वीची फाइल शोधून काढणारी यंत्रणा स्वतःच्या भिंतीवरील कालचे चित्र जपू शकत नाही, हे कोणाला पटेल?

पुढील काळ अधिक अवघड आहे. नव्या प्रकारच्या एसएसडी डिस्क वीज मिळताच पुसलेल्या फायलींचे अवशेष स्वतःच साफ करतात. त्यामुळे आज आणि उद्या काढलेल्या नकला जुळतीलच असे नाही. माहिती घरातील यंत्रात न राहता परदेशी कंपन्यांच्या साठवणघरांत असते. फोनचे कुलूप उघडणारी साधने खाजगी कंपन्यांची असून त्यांची रीत गुप्त असते. एप्रिल २०२१ मध्ये सिग्नलच्या संस्थापकाने सेलेब्राइट कंपनीच्या अशाच साधनातील दोष दाखवले आणि फोनमधील एखादी खास रचलेली फाइल त्या साधनाचे अहवालच बदलू शकते असे सांगितले. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले आवाज आणि चित्रे आली आहेत. यातून दुहेरी संकट उभे राहते. खोटे ते खरे म्हणून खपेल. आणि खरी चित्रफीत समोर आली तरी सत्ताधारी ती बनावट म्हणून झटकून टाकतील.

मग दिशा कोणती? पहिली मागणी प्रयोगशाळांच्या स्वातंत्र्याची. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा गृह विभागाखाली येतात. ज्या विभागाचे पोलीस, त्याच विभागाची प्रयोगशाळा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ मध्येच अशा प्रयोगशाळा पोलिसांपासून अलग करण्याची शिफारस केली होती आणि ह्यूस्टन शहराने २०१४ मध्ये तसे करून दाखवले. पण पोलिसांपासून सोडवून बाजाराच्या हवाली करणे हाही मार्ग नव्हे. ब्रिटनने आपली सरकारी न्यायसहायक सेवा २०१२ मध्ये बंद केली आणि हे काम खाजगी कंपन्यांकडे व पोलिसांच्या स्वतःच्या प्रयोगशाळांकडे गेले. सार्वजनिक निधीवर चालणारी, विधिमंडळाला उत्तरदायी आणि फिर्यादी व बचाव दोघांनाही सारखीच खुली अशी स्वायत्त संस्था हवी.

दुसरी मागणी, जप्तीच्या जागीच हॅश काढून त्याची प्रत आरोपीला द्यावी आणि संपूर्ण नक्कल बचावाला ठरावीक मुदतीत मिळावी. तिसरी, यंत्राच्या अचूकपणाचे गृहीतक नको. ज्याचा पुरावा, त्यानेच तो सिद्ध करावा. चौथी, तपासणीची साधने आणि पद्धती न्यायालयापुढे उघड असाव्यात. पाचवी, आणि सर्वांत निकडीची, गरीब आरोपीला विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकिलाबरोबर संगणकतज्ज्ञही मिळावा. विल्सन यांच्या वकिलांना अमेरिकन बार असोसिएशनचे साहाय्य मिळाले आणि त्या संस्थेने तपासणी विनामूल्य केली. गडचिरोलीच्या किंवा बस्तरच्या आदिवासी तरुणाचा फोन जप्त होतो, तेव्हा त्याच्यासाठी असे कोण धावून येणार आहे?

कार्यकर्त्यांकडेही काही कामे येतात. जप्ती होत असेल तेथे पंचनाम्यात यंत्राचा प्रकार, क्रमांक, ते चालू होते की बंद आणि कोणत्या क्षणी मोहोरबंद झाले, याची नोंद होण्याचा आग्रह धरावा. हॅश मागावा आणि नाकारला गेल्यास तो नकार लेखी नोंदवावा. अनोळखी जोडपत्रे उघडू नयेत. ओळखीच्या नावाने आलेलीही पडताळून घ्यावीत. आंदोलनातील मारहाणीचे चित्रण कोणी केले असेल तर मूळ फोन व मूळ फाइल जपावी, कारण पुढे पाठवलेल्या प्रतीत मूळ नोंदी पुष्कळदा राहत नाहीत. वकील, अभियंते आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी यांची जिल्हावार मंडळे उभी करावीत. ज्यांना हे तंत्र येते त्यांनी ते चळवळीला शिकवावे. ही आजची लोकशिक्षणाची गरज आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उद्या एखाद्या विरोधकाच्या संगणकात काही सापडल्याची बातमी आली, तरी निकाल देण्याची घाई आपल्यापैकी कोणी करू नये. नक्कल कोणाकडे आहे, हॅश कधी काढला आणि बचावाने ती तपासली काय, हे तीन प्रश्न मित्राच्या बाबतीत जितक्या आग्रहाने विचारायचे, तितक्याच आग्रहाने विरोधकाच्या बाबतीतही विचारले पाहिजेत.